धुक्यातून येणारा त्यांचा आवाज

त्या दिवाळीच्या आधी जवळजवळ दोन वर्षं माझा नवरा मला उत्तर देत नव्हता. अबोला होता असं नाही. समोरासमोर बसून जेवताना हे बोलायचे, हसायचे, मुलीची चेष्टा करायचे. पण मी स्वयंपाकघरातून काही विचारलं की बाहेरच्या खोलीतून काहीच यायचं नाही. "अहो, दूध आणलंत का?" शांतता. मी हात पुसत दारापर्यंत जायची, तर हे पेपरात डोकं घालून बसलेले. पुन्हा विचारलं की मान वर करून म्हणायचे, "हां हां, बघू की." दूध आणलंत का, याला 'बघू की' हे काय उत्तर झालं?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दहा माग, सासऱ्यांच्या वेळचे. हे सकाळी आठला जातात, संध्याकाळी सातला येतात. मी एका हायस्कुलात मराठी शिकवते. वर्गातल्या पन्नास पोरांना गप्प बसवून ऐकायला लावणं हे माझं रोजचं काम, आणि घरी एका माणसाला माझं म्हणणं पोचत नव्हतं. सुरुवातीला मी चिडले, भांडले. मग हळूहळू विचारणंच कमी केलं. या माणसाला आता माझ्यात काही रस उरलेला नाही, एवढं मी मनाशी धरून टाकलं होतं. आमच्या संस्थेची पुण्यालाही शाळा आहे. तिथं बदली मागावी आणि मुलीला घेऊन निघून जावं, असा विचार मी करत होते. रागाच्या भरात एकदा तो मुलीला बोलूनही दाखवला. ती तेव्हा दहावीत होती. "अप्पांना एवढ्यात काही बोलू नको," असंही तिला बजावलं.

मालवणला जायचा हट्ट तिचाच. मैत्रिणीच्या फोनवर तिनं समुद्रातल्या माशांचे व्हिडिओ पाहिले होते. भाऊबीज झाली की कारखाना आठवडाभर बंद असतो, कारागीर गावाकडं जातात. दोन दिवस मालवण, परतीच्या वाटेवर एक मुक्काम आंबोलीला, असं तिनंच वहीत लिहून आणलं. मला नाही म्हणता आलं नाही. तिघांची ही शेवटचीच सहल असेल, असंही कुठंतरी वाटत होतं.

सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आम्ही गाडीनं गेलो. हे चालवत होते, मुलगी पुढं बसली होती, मी मागं. मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता आणि हे बाजूला होत नव्हते. मुलीनं ह्यांच्या दंडाला हात लावला आणि आरशाकडं बोट केलं, तेव्हा कुठं गाडी डावीकडं घेतली. मी मागून म्हटलं, "लक्ष कुठं असतं तुमचं?" त्यालाही उत्तर आलं नाही. मुलगी मात्र मागं वळून माझ्याकडं बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण ती पुन्हा पुढं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडीत बसलो. तिघांच्याही अंगात केशरी लाइफ जॅकेटं होती, बरोबर पाण्यात उतरवणारे दोघं जण होते. त्यातला एक पन्नाशीचा, काळासावळा, दंडावर मिठाची पांढरी पुटं असलेला. इंजिन चालू असतानाच तो सगळं समजावून सांगत होता. नाकानं श्वास घ्यायचा नाही, तोंडातली नळी दातांत धरायची, होडीला बांधलेली रिंग सोडायची नाही, शिट्टी वाजली की सगळ्यांनी होडीकडं यायचं. हे प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, परक्या माणसाचं कसं नीट ऐकतात.

मला पोहता येत नाही. हे आधीच पाण्यात उतरले होते. मी होडीतच बसणार होते, पण मुलीनं हाताला धरून ओढलं आणि त्या माणसानं "वहिनी, मी हय आसंय, घाबरू नका" म्हणत मला खाली घेतलं. पाणी गार लागलं. डोळ्यांवर काच लावून पहिल्यांदा तोंड बुडवलं तेव्हा छाती इतकी धडधडली की मी लगेच वर आले. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या वेळी त्यानं माझं मनगट घट्ट धरलं आणि मी खाली बघत राहिले. खडकाच्या कडेनं पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे चालले होते, पंधरा-वीस, अगदी शाळा सुटल्यासारखे. माझ्या बोटांच्या मधून एक गेला. माझाच श्वास नळीतून मोठ्यानं येत-जात होता आणि बाकी काही ऐकू येत नव्हतं. किती वेळ गेला कळलं नाही. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या बाईला एवढं पाणी आपल्या खाली आहे, याची भीती वाटेनाशी झाली होती.

मग शिट्टी वाजली. मी डोकं वर काढलं. वारा फिरला होता, पाण्यावर लहान लहान लाटा उठल्या होत्या आणि होडी दोराला हिसके देत होती. मुलगी रिंगला धरून होती. दुसरा माणूस तिला वर चढवत होता. हे कुठंच नव्हते.

"अप्पा!" मुलगी ओरडली.

मी तिच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. बरंच लांब, किल्ल्याच्या बाजूच्या काळ्या खडकांकडं, एक केशरी जॅकेट पाण्यावर पालथं तरंगत होतं. हात दोन्हीकडं पसरलेले. हालचाल नाही. लाट आली की ते उचललं जायचं आणि खडकांच्या दिशेनं आणखी थोडं सरकायचं. शिट्टी पुन्हा वाजली, लांब, जोरात. होडीतल्या माणसानं दोन्ही हात तोंडाशी धरून हाका मारल्या. मीही ओरडले. जॅकेट हललं नाही.

माझं मनगट धरलेल्या माणसानं मला रिंगवर सोडलं, म्हणाला, "धरून रव्हा," आणि हात मारत निघाला. खडकांवर लाट फुटून पांढरा फेस उडताना दिसत होता. मी रिंगला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि माझ्या मनात एकच गोष्ट चालली होती: मी ह्यांना सोडून जाणार होते आणि हेच गेले.

त्या माणसानं जॅकेटला हात लावला तसे हे दचकून सरळ झाले. डोळ्यांवरची काच वर केली. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण हात हलवून काहीतरी दाखवत होते. मासे दाखवत होते!

होडीत चढल्यावर हे हसत होते. "लई भारी होतं. मोहोळच्या विहिरीत पोहलेला माणूस मी, रिंग कशाला लागते?"

"शिट्टी ऐकली नाही?" मी विचारलं. माझे दात वाजत होते.

"कुठली शिट्टी?"

"चार वेळा वाजवली! हाका मारल्या आम्ही सगळ्यांनी! तुमच्या जिवाचं नाही तर नाही, निदान पोरीचं तरी बघायचं."

ह्यांचं हसू गेलं. तो वयस्क माणूस मध्ये पडला. "पाण्यात कान बुडाले काय नाय येत कधी कधी ऐकू," असं म्हणून त्यानं विषय मिटवला. हे लगेच म्हणाले, "तेच की, पाण्यात होते कान." मुलीनं टॉवेल डोक्यावरून घेतला आणि ती समुद्राकडं तोंड करून बसली. ती रडतेय हे मला किनाऱ्यावर आल्यावर कळलं. घाबरली असेल, एवढंच मी समजले. त्या दिवशी मी ह्यांच्याशी नंतर एक शब्द बोलले नाही.

आंबोलीला आम्ही दुसऱ्या दिवशी साडेदहाला पोचलो. आभाळात ढग होते, पण वर होते. ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या बाई म्हणाल्या, की घराच्या मागनं पठारावर जाणारी वाट आहे, तासाभरात कड्यावर पोचाल, हवा मोकळी असेल तर खाली सगळं कोकण दिसतं. मुलीला तिथून समुद्र बघायचा होता. निघताना बाईंनी मला थांबवून सांगितलं, "अवकाळी पडतोय दोन दिवस. ढग खाली उतरला तर चालत राहू नका. आहात तिथंच बसा. तासा-दोन तासांत उचलतो तो."

पहिला तास बरा गेला. गवत वाळून पिवळं झालं होतं, मध्ये मध्ये काळा कातळ. हे पुढं, मुलगी मध्ये, मी मागं. कड्यापासून आम्ही फार लांब नसू, तेवढ्यात समोरून पांढरं काहीतरी जमिनीवरून सरपटत आलं. पाच मिनिटांत वीस पावलांपुढचं दिसेनासं झालं, मग दहा पावलांपुढचं. मग पाऊस सुरू झाला, वाऱ्याबरोबर आडवा. कातळावर वाट कुठं असते? मागं वळून पाहिलं तर मागंही तसाच कातळ.

"इथंच बसू या," मी म्हणाले. बाईंनी काय बजावलं होतं तेही सांगितलं. ह्यांची माझ्याकडं पाठ होती. वळून म्हणाले, "तुम्ही या दगडापाशी थांबा. वाट हितंच कुठंतरी डावीकडं आहे. बघून येतो, दोन मिनिटं."

"नको, अहो, बसा म्हणतेय ना!"

हे निघालेसुद्धा. सहा-सात पावलांवर ह्यांचा निळा रेनकोट करडा झाला आणि मग दिसेनासा झाला.

दोन मिनिटं झाली, पाच झाली. मी फोन लावला, रेंज नव्हती. मुलीनं माझा हात धरला होता, तिची बोटं बर्फासारखी गार. मग धुक्यातून ह्यांचा आवाज आला.

"ए! कुठं आहात?"

"इथं आहोत! इथं!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. ह्यांचा आवाज इतका स्पष्ट होता की माझ्या जिवात जीव आला.

"कुठं आहात? आवाज द्या की!"

"अहो, इथं! उजवीकडं या!"

आम्ही गप्प होऊन वाट पाहिली. पुन्हा हाक आली, या वेळी लांबून. "आवाज द्या!" मी घसा फाटेपर्यंत ओरडले. पुढची हाक आणखी लांबून आली. आम्हाला ह्यांचं सगळं ऐकू येत होतं आणि हे आमच्यापासून दूर चालले होते. वारा त्याच बाजूनं येत होता, खालून वर चढणारा, गार वारा. कडा तिकडंच होता.

"हे मुद्दाम करतात का काय?" माझ्या तोंडून निघून गेलं. आजही ते वाक्य आठवलं की मला लाज वाटते.

"आई," मुलगी म्हणाली, "अप्पांना ऐकू येत नाही."

"वाऱ्यामुळं असेल."

"वाऱ्यामुळं नाही. त्यांना ऐकूच येत नाही. उजव्या कानानं काही नाही, डाव्यानं थोडं. मला माहितीय. वर्ष झालं. तुला सांगायचं नाही म्हणाले होते." ती आता मोठ्यानं रडत होती. "तू म्हणतेस अप्पांना बोलू नको, ते म्हणतात आईला बोलू नको. मी काय करायचं?"

मी माझी ओढणी काढली, एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या. त्या बाईंनी बसून राहा म्हणून सांगितलं होतं, पण आता बसणं शक्य नव्हतं. आम्ही आवाजाच्या दिशेनं निघालो. मी पाय आधी पुढं टेकवून पाहायची, मग त्यावर भार द्यायची. कातळ शेवाळानं निसरडा झाला होता. हाक आली की थांबायचं, दिशा धरायची, पुन्हा चालायचं. मध्ये बराच वेळ हाक आलीच नाही. मी तिथंच उभी राहिले. मग एकदम जवळून, खोकल्यासारखा, ह्यांचा आवाज आला. स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते.

आणखी चार पावलं गेलो तर पुढं निळा रेनकोट. ह्यांची आमच्याकडं पाठ होती. ह्यांच्या पुढं गवताची एक पट्टी होती आणि त्यापुढं नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून वारा सरळ वर येत होता आणि गवत मागं झोपत होतं. हे पाय चाचपडत पुढं टाकत होते.

मी ओरडले. ह्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. धावत जाऊन मागून धरावं, तर हे दचकणार, होडीजवळ दचकले होते तसे. आणि निसरड्यावर मीच घसरले तर ओढणीला बांधलेली मुलगी माझ्याबरोबर. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, शाळेत नेते ती स्टीलची. मी ती ह्यांच्या बाजूनं पुढं जाईल अशी जमिनीवरून फेकली. ती ह्यांच्या पायाजवळून घरंगळत गेली, गवताच्या पट्टीवरून पुढं गेली आणि नाहीशी झाली. खाली पडल्याचा आवाज आला नाही.

हे गोठल्यासारखे थांबले. बाटली गेली तिकडं पाहत राहिले. मग अगदी सावकाश मागं वळले आणि आम्हाला पाहून गुडघ्यांवर बसले. तसेच, हातापायांवर, लहान मुलासारखे रांगत आमच्याकडं आले.

कड्यापासून बरंच मागं सरकून आम्ही एका खडकाच्या आडोशाला बसलो. तीन माणसं, दोन रेनकोट डोक्यावर ओढून. मग हे म्हणाले, "हाक मारली होती का तुम्ही?"

मुलगी ह्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "अप्पा, मी आईला सांगितलं."

ह्यांनी मान खाली घातली. मग बोलायला लागले. तीन वर्षांपूर्वी उजव्या कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, तो थांबलाच नाही. मग माणसांचं बोलणं पुसट व्हायला लागलं. एकटेच डॉक्टरकडं जाऊन आले. मागांच्या आवाजानं झालंय, परत येणार नाही, मशीन लावा, असं त्यांनी सांगितलं. "अगं, दारात उभं राहून कुठल्या मागाचा धोटा नीट चालत नाही हे आवाजावरून सांगायचो मी. वडलांनी शिकवलेलं. मालकाला ऐकू येत नाही म्हटल्यावर कारागीर काय म्हणतील? तू काय म्हणशील?"

"मला का नाही सांगितलंत?" मी म्हणाले.

"आं?"

मी डाव्या बाजूला गेले. आणि तिथं, भर पावसात, पंधरा वर्षांच्या मुलीसमोर, जे मी कधी कुजबुजूनही बोलले नव्हते ते मला ओरडून सांगावं लागलं. "मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झाले! मी पुण्याला निघून जाणार होते!"

ते ह्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मुलीकडं. मुलगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. "कधी?" हे म्हणाले. मी म्हटलं, "येत्या जूनपासून." ह्यांनी ओल्या हातानं माझा ओला हात धरला आणि सोडला नाही. मला रडूही येत होतं आणि रागही तेवढाच होता. दोन वर्षं मी भिंतीशी बोलले होते, आणि ह्या माणसाच्या एका वाक्यानं ती संपली असती.

दीड-दोन तासांनी पाऊस थांबला. धुकं पूर्ण उचललं नाही, पण मला घंटा ऐकू आल्या. म्हशींच्या गळ्यातल्या. मी ह्यांच्या दंडाला धरून दिशा दाखवली. एक म्हातारी बाई, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, पाच-सहा म्हशी घराकडं वळवत होती. आम्हाला पाहून तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "माझ्या म्हशीच्या मागनं चला." आम्ही चाललो. समुद्र दिसलाच नाही.

सोलापुरात आल्यावर पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं डॉक्टरांकडं गेलो. काचेच्या खोलीत हे कानाला यंत्र लावून बसले होते. आवाज आला की हात वर करायचा. बाहेर मला तो आवाज बारीकसा ऐकू येत होता आणि हे हात वर करत नव्हते. आवाज वाढत गेला तरी नाही. ती पंधरा मिनिटं मला कड्यावरच्यापेक्षा जड गेली.

मशीन आलं. पहिले काही दिवस ह्यांना त्याचा ताप व्हायचा. भांडी लागली तरी दचकायचे, प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ सहन व्हायची नाही. चिडून दोनदा काढून ठेवलं. मी पुण्याचा अर्ज केला नाही, पण सगळं एकदम गोड झालं असंही नाही. मुलीला गुपितं ठेवायला लावली, यावरून आम्ही दोघांनी एकमेकांना बरंच सुनावलं, आणि नंतर दोघांनीही तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे, पण आता परत नाही हं." तेव्हा तिचा आवाज माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखा झाला होता.

कारखान्यात सांगायची वेळ आली त्या दिवशी मीही बरोबर गेले. हे सकाळपासून अस्वस्थ होते. माग बंद करून सगळ्यांना बोलावलं, कानातलं मशीन दाखवलं, काय झालंय ते चार वाक्यांत सांगितलं. कारागीर एकमेकांकडं बघायला लागले. मग त्यांच्यातले सगळ्यात जुने, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे मामा म्हणाले, "मालक, आमाला ठाऊक हाय की. आमाला तरी कुटं येतंय ऐकू?"

हे त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. मामा सहज बोलून गेले होते, पाऊस पडतोय म्हणावं तसं. त्या महिन्यात ह्यांनी सगळ्यांचे कान तपासून घेतले आणि कानात घालायची बोंडं आणली. ती कोणी घालत नाही, खिशात ठेवतात. ह्यांची आणि मामांची त्यावरून रोज वादावादी होते. संध्याकाळी घरी येऊन हे मला ती सगळी सांगतात, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात, आणि मी पोळ्या लाटत ऐकते.